करपलेलं पातेलं, बोथट सुरी आणि न उघडणारी बरणी: रोजची कामं हलकी करणाऱ्या युक्त्या, कारणांसकट

दूध तळाला लागून काळं झालेलं पातेलं मी कितीतरी वर्षं तारेच्या घासणीनं घासत आले. मनगट दुखायचं, पातेल्यावर ओरखडे उठायचे आणि एवढं करून मधोमध एक काळा डाग उरायचाच. एकदा हात टेकले आणि त्यात करपलेला भाग बुडेल इतकं पाणी, वर दोन चमचे खायचा सोडा घालून ते पुन्हा शेगडीवर चढवलं. दहा मिनिटं मंद उकळू दिलं, कोमट झाल्यावर लाकडी उलथन्यानं खरवडलं आणि काळा थर पापुद्र्यासारखा उचलून आला.

त्यामागचं कारण शोधलं तेव्हा ही युक्ती मला खऱ्या अर्थानं कळली. करपलेल्या थरात जळलेली प्रथिनं, साखर आणि स्निग्धांश असतात. सोड्याचं पाणी आम्लाच्या उलट गुणाचं, म्हणजे अल्कधर्मी असतं, आणि गरम अल्कधर्मी पाण्यात हा थर फुगून भुसभुशीत होतो. घासताना आपण मनगटाच्या जोरावर जे करू पाहतो, ते इथे उष्णता आणि वेळ करतात. कारण कळल्यामुळे या युक्तीची मर्यादाही लक्षात आली. ॲल्युमिनियमचं भांडं असेल तर सोडा वापरायचा नाही, कारण अल्कधर्मी पाण्यानं ते काळवंडतं. त्यासाठी नुसतं गरम पाणी आणि भांडी घासायचा साबण घालून रात्रभर ठेवलेलं बरं.

तेव्हापासून कोणतीही युक्ती ऐकली की मी आधी विचारते, हे होतं कशामुळे? उत्तर मिळालं तर ती युक्ती आणखी चार ठिकाणी उपयोगी पडते. नाही मिळालं तर बहुतेक वेळा ती पोकळ निघते. खाली दिलेल्या सगळ्या गोष्टी या चाळणीतून गेलेल्या आहेत.

सुरी आणि पाटी

स्वयंपाकातला सर्वांत जास्त वेळ चिरण्यात जातो, म्हणून सुरुवात तिथूनच करते. चिरायला बसण्याआधी पाटीखाली एक ओलं, घट्ट पिळलेलं फडकं अंथरा. गुळगुळीत ओट्यावर पाटी सरकते, फडक्यावर ती जागची हलत नाही. पाटी हलली नाही की हात निर्धास्त चालतो आणि बोट कापण्याची भीतीही कमी होते. पाटीशेजारी सालं आणि देठं टाकायला एक मोठा वाडगा ठेवा. दर वेळी कचऱ्याच्या डब्यापर्यंतची फेरी वाचते आणि पाटीवर पसाराही राहत नाही.

सुरीला धार हवीच. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते. धारदार सुरीपेक्षा बोथट सुरीनं हात कापण्याची शक्यता जास्त असते, ते यामुळे. धार तपासायला पिकलेला टोमॅटो घ्या. सुरी नुसती ओढल्यावर साल चिरली गेली तर ठीक, साल आत दबली तर धार गेली आहे.

धार लावायचा दगड घरात नसेल तर चिनी मातीचा मग उलटा करा. बुडाशी जी खरखरीत, चकाकी नसलेली कड दिसते ती पोलादापेक्षा कठीण असते आणि धार लावायला चालते.

१. मग फडक्यावर पालथा ठेवा, म्हणजे घसरणार नाही.
२. सुरी कडेवर टेकवून कोन धरा. आधी सरळ उभी धरा (९० अंश), मग निम्म्यावर आणा (४५), मग पुन्हा निम्म्यावर. हा झाला साधारण २० ते २२ अंश, आणि घरच्या बहुतेक सुऱ्यांना तो चालतो.
३. हलक्या हातानं, मुठीपासून टोकापर्यंत, एकाच दिशेनं आठ-दहा वेळा ओढा. कोन बदलू देऊ नका.
४. दुसऱ्या बाजूनं तितक्याच वेळा.
५. सुरी धुऊन पुसा. घासताना निघालेला बारीक चुरा पात्यावर असतो.

दातेरी पात्याच्या सुरीवर हा प्रयोग करू नका, दाते बोथट होतील.

कांद्याचं रडणंही धारेशी जोडलेलं आहे. कांदा कापला की त्याच्या पेशी फुटतात, एकमेकांपासून वेगळी ठेवलेली द्रव्यं एकत्र येतात आणि त्यातून गंधकयुक्त वायू तयार होऊन डोळ्यांपर्यंत पोचतो. धारदार सुरीनं पेशी कमी चिरडल्या जातात. कांदा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला तर ती क्रिया मंदावते आणि वायूही कमी उडतो. तोंडात पावाचा तुकडा धरणं, डोक्यावर ओला रुमाल ठेवणं वगैरे उपायांपेक्षा या दोन गोष्टींवर माझा भरवसा आहे.

बारीक चिरताना कांदा मुळाकडून अर्धा करा, पण मुळाचा भाग कापून टाकू नका. त्या भागामुळे सगळे पदर एकत्र धरलेले राहतात. साल काढून अर्धा कांदा पालथा ठेवा, मुळाच्या अलीकडेपर्यंत उभे काप द्या, मग आडवे. बारीक चौकोनी तुकडे आपोआप पडत जातात आणि शेवटी हातात फक्त मूळ उरतं.

लसणाच्या पाकळ्या थोड्या असतील तर सुरीच्या सपाट बाजूनं दाबल्या की साल सुटते. गड्डाच सोलायचा असेल तर पाकळ्या मोकळ्या करून झाकणाच्या मोठ्या कोरड्या डब्यात घाला आणि अर्धा मिनिट जोरात हलवा, बहुतेक सालं निघून येतात. लसूण ठेचल्यावर लगेच तेलात टाकू नका, दहा मिनिटं थांबा. त्याचा उग्र वास आणि चव देणारं ॲलिसिन हे द्रव्य पेशी फुटल्यानंतर तयार होतं. ते घडवणारं विकर (एन्झाइम) उष्णतेनं निकामी होतं. म्हणून लसूण आधी ठेचून बाजूला ठेवायचा आणि मग कांदा चिरायला घ्यायचा. वेगळा वेळ द्यावा लागत नाही.

आल्याची साल सुरीनं काढताना बरंच आलं वाया जातं. चमच्याच्या कडेनं खरवडा, चमचा खाचाखोचांत शिरतो. उरलेलं आलं अख्खं गोठवा आणि लागेल तेव्हा तसंच किसा. गोठलेल्या आल्याचे धागे किसणीत अडकत नाहीत.

कामांचा क्रम

स्वयंपाक लांबतो तो बहुतेकदा वाट पाहण्यात. म्हणून ओट्याशी गेल्यावर पहिलं काम म्हणजे पाणी उकळत ठेवणं, मग ते कशाला का लागेना. दुसरं, ज्याला सर्वांत जास्त वेळ लागतो ते शिजायला लावणं. चिरणं, मोजणं, भांडी विसळणं हे सगळं त्या वेळात बसवायचं. सिंकमध्ये साबणाचं पाणी भरलेलं एक भांडं ठेवलं आणि वापरलेले चमचे, वाट्या त्यात सोडत गेलं, तर जेवण होईपर्यंत त्या अर्ध्याअधिक स्वच्छ झालेल्या असतात.

पाण्याचं भांडं झाकूनच ठेवा, वाफेबरोबर जाणारी उष्णता आत राहते. पाणी उकळलं की आच लहान करा. खळाखळा उकळणारं पाणी आणि हळूहळू बुडबुडे येणारं पाणी दोन्ही सारखीच गरम असतात, समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअस. मोठ्या आचेनं अन्न लवकर शिजत नाही, फक्त पाणी लवकर आटतं. हे समजायला मला फार उशीर लागला आणि तोवर किती इंधन वाया घालवलं याची हळहळ अजून वाटते.

मोजण्याचा त्रास कमी करायला डिजिटल काट्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. मोठं भांडं काट्यावर ठेवा, आकडा शून्यावर आणा, एक जिन्नस घाला, पुन्हा शून्य, दुसरा घाला. मापाची एकही वाटी खरकटी होत नाही. पाणी तर १ मिलिलिटर म्हणजे १ ग्रॅम, त्यामुळे तेही काट्यावरच मोजता येतं. काटा नसेल तर लहान चमचा ५ मिलिलिटर आणि मोठा १५ मिलिलिटर एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ काम भागतं. मध मोजायचा असेल तर त्याच चमच्यानं आधी तेल मोजा, मध चमच्याला न चिकटता घसरून पडतो.

शेगडीपाशी

दूध उतू जातं कारण तापताना त्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश मिळून वर साय धरतात, खालची वाफ तिच्याखाली कोंडते आणि फेस एकदम वर येतो. भांड्यावर आडवा ठेवलेला लाकडी उलथना फेसाचे बुडबुडे फोडतो, पण तो फक्त थोडा अवधी मिळवून देतो. त्याच्या भरवशावर दुसऱ्या खोलीत जाऊ नका. भांडं मोठं घ्यावं, आच मध्यम ठेवावी आणि दूध ओतण्याआधी भांडं पाण्यानं विसळून ओलंच वापरावं. बुडाशी पाण्याचा पातळ थर राहिला तर दूध कमी लागतं.

उकडलेल्या अंड्याची साल सोलताना पांढरं निघून येत असेल तर दोन कारणं असू शकतात. एक तर अंडं अगदी ताजं आहे. ताज्या अंड्यातलं पांढरं आतल्या पडद्याला घट्ट धरून असतं, आठ-दहा दिवस जुनं अंडं सहज सोलतं. दुसरं म्हणजे अंडं थंड पाण्यात घालून तापवलं. हळूहळू तापलेलं पांढरं पडद्याला चिकटतं, एकदम उष्णता मिळाली तर आटून सुटं होतं. त्यामुळे असं करा:

१. पाणी आधी उकळा.
२. फ्रिजमधली अंडी डावानं अलगद सोडा. वरून टाकली तर तडकतात.
३. मंद उकळत ठेवा. पूर्ण घट्ट बलक हवा असेल तर १० ते ११ मिनिटं, मऊसर हवा असेल तर ७.
४. लगेच बर्फाच्या किंवा अगदी थंड पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवा.
५. रुंद टोकाकडून सोला. तिथे हवेची पोकळी असते, बोटाला पकड मिळते. नळाच्या धारेखाली सोललं तर आणखी सोपं जातं.

भाजी किंवा दुसरं काही परतताना खरपूस न होता त्याला पाणीच सुटत राहत असेल, तर तुकडे ओले आहेत किंवा भांड्यात दाटी झाली आहे. पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकतं, आणि खरपूस रंग यायला साधारण १४० अंशांच्या वर जावं लागतं. तुकडे फडक्यानं टिपून घ्या, दोन खेपांत परता. स्टीलच्या भांड्याला पदार्थ चिकटत असेल तर तेल घालण्याआधी भांडं तापवून त्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब चुरचुरत नाहीसा झाला तर भांडं अजून पुरेसं तापलेलं नाही. मोत्यासारखा गोळा होऊन पळायला लागला तर पुरेसं तापलं. पाणी पूर्ण उडून गेल्यावर मगच तेल घाला. नॉनस्टिक भांड्याला हे लागू नाही, ते रिकामं तापवलं तर त्याचा लेप खराब होतो.

मीठ जास्त झालं तर बटाटा टाका, तो मीठ शोषतो, हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. बटाटा खारं पाणी शोषतो, नुसतं मीठ निवडून घेत नाही. मागे राहिलेला रस्सा तेवढाच खारट असतो. उपाय एकच, पाणी किंवा बिनमिठाचा जिन्नस वाढवणं. थोडं लिंबू पिळलं तर खारटपणा जिभेला कमी जाणवतो, मीठ मात्र तेवढंच राहतं.

साठवण

कोणती फळं-भाज्या एकमेकांशेजारी ठेवू नयेत, एवढं कळलं तरी फेकून द्यावं लागणारं प्रमाण बरंच घटतं. केळी, सफरचंद, टोमॅटो पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि तो वायू शेजारच्यांनाही पिकवतो. पालेभाज्या त्यानं पिवळ्या पडतात, गाजर कडवट होतं, काकडी लवकर खराब होते. म्हणून पिकलेली केळी भाज्यांपासून दूर ठेवा. हाच वायू कामालाही लावता येतो. कच्चं फळ पिकवायचं असेल तर कागदी पिशवीत एका पिकलेल्या केळ्याबरोबर ठेवा. प्लास्टिकची पिशवी नको, ओल साचून बुरशी येते.

बटाटे अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवा, फ्रिजमध्ये नाही. थंडीत त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना ते लवकर काळपट पडतात. उजेडात ते हिरवे होतात, आणि हिरवा भाग सोलॅनिन या विषारी द्रव्यामुळे खाण्यालायक राहत नाही. पावही फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. लगेच संपणार नसेल तर काप करून गोठवा आणि हवे तेवढेच काढून भाजा.

पालेभाजी सडते ती पानांवर राहिलेल्या पाण्यामुळे, आणि सुकते ती पानांतलं पाणी उडाल्यामुळे. या दोन्हींच्या मधली अवस्था साधायची असते. नासकी पानं आधी काढून टाका, एक नासकं पान बाकीच्यांनाही नासवतं. भाजी न धुता ठेवा. धुतली असेल तर पंख्याखाली अगदी कोरडी करा. मग कोरड्या सुती फडक्यात किंवा टिपकागदात सैल गुंडाळून डब्यात ठेवा. फडकं ओलसर वाटलं की बदला. कोथिंबिरीसारख्या लांब देठाच्या जुड्या फुलांसारख्या पेल्यात थोडं पाणी घालून उभ्या ठेवता येतात. वरून सैल पिशवी घाला, पाणी दोन दिवसांनी बदला.

शिजवलेल्या अन्नाबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्यानं वाढतात. उरलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. भाताच्या बाबतीत तर हे कसोशीनं पाळा. बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात, भात बाहेर राहिला की वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं एक विष पुन्हा गरम केल्यानंही जात नाही. ‘परत नीट गरम केला’ हे तिथे पुरेसं नसतं.

लवकर निववायचं कसं? खोल पातेल्यातलं अन्न पसरट ताटात काढा. घट्ट पदार्थाची जाडी निम्मी केली तर आतपर्यंत थंड व्हायला लागणारा वेळ साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो. पातळ पदार्थ असेल तर पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळत राहा.

गोठवतानाही जाडीचाच विचार करा. रस्सा किंवा सॉस पिशवीत भरून, हवा काढून, ताटावर आडवी पसरवून गोठवा. पुस्तकासारख्या सपाट पिशव्या उभ्या रचता येतात, लवकर वितळतात आणि लागेल तेवढा तुकडा मोडूनही घेता येतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून बाटली किंवा डबा काठोकाठ भरू नका. मटार, फळांचे तुकडे आधी ताटात सुटे पसरून गोठवा, मग पिशवीत भरा, गोळा होत नाही. आणि प्रत्येक पिशवीवर नाव आणि तारीख लिहाच. गोठल्यावर सगळं सारखंच दिसतं.

सपाट गोठवलेली पिशवी वितळवायला एक ॲल्युमिनियमचं पातेलं पालथं घाला, त्यावर पिशवी, आणि वर साध्या पाण्यानं भरलेलं दुसरं पातेलं. धातू बाहेरची उष्णता भराभर आत पोचवतो. लाकडी पाटीच्या तुलनेत ॲल्युमिनियम हजार पटींहून अधिक चांगला उष्णतावाहक आहे. जाड तुकडा मात्र रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवूनच वितळवा. खालचा कप्पा यासाठी की गळलेलं पाणी दुसऱ्या अन्नावर पडू नये.

डाग, क्षार आणि चिकटा

इथे एकच प्रश्न विचारायचा, डाग कशाचा आहे? तेलकट चिकटा असेल तर गरम पाणी, साबण, सोडा. नळावरचे आणि किटलीतले पांढरे थर असतील तर आम्ल, कारण ते प्रामुख्यानं कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि साबणानं हलत नाही. किटलीत निम्मं पाणी, निम्मं पांढरं व्हिनेगर घाला, किंवा लिटरभर पाण्यात एक-दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व. उकळा, बंद करून अर्धा तास ठेवा, ओतून द्या, मग साधं पाणी दोनदा उकळून टाका. शॉवरच्या भोकांत क्षार बसले असतील तर पिशवीत व्हिनेगर भरून ती शॉवरला तासभर बांधून ठेवा. संगमरवरावर मात्र व्हिनेगर किंवा लिंबू कधीही लावू नका. संगमरवर हेही कॅल्शियम कार्बोनेटच आहे, आम्लानं त्याची झिलई कायमची जाते.

आता सगळ्यात लोकप्रिय मिश्रण, सोडा आणि व्हिनेगर एकत्र. फेस येतो, डोळ्यांना छान दिसतं. पण एक अल्कधर्मी आणि एक आम्ल, दोघं एकमेकांना संपवतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे उरतं ते मुख्यतः सोडियम ॲसिटेट विरघळलेलं पाणी, ज्यात ना सोड्याचा गुण ना व्हिनेगरचा. आधी सोड्यानं तेलकटपणा काढा, धुवा, मग व्हिनेगरनं क्षार काढा. दोन्ही उपयोगी आहेत, वेगवेगळे वापरले तर.

ब्लीच मात्र कशातही मिसळू नका. व्हिनेगरबरोबर त्यातून क्लोरीन वायू निघतो, अमोनियाच्या क्लीनरबरोबर क्लोरामाइन. दोन्ही विषारी आहेत. बंद न्हाणीघरात हे जिवावर बेतू शकतं.

खरकटी भांडी भिजवताना पीठ, अंडं, दूध लागलेली भांडी थंड पाण्यात भिजवा. गरम पाण्यानं प्रथिनं आणि स्टार्च भांड्यावरच घट्ट होतात. तुपट-तेलकट भांड्यांना गरम पाणी. कपड्यांनाही तोच नियम. रक्ताचा डाग थंड पाण्यात, तेलाच्या डागावर भांड्यांचा साबण न पातळ करता लावून पंधरा मिनिटं ठेवायचा. डाग गेल्याची खात्री होईपर्यंत कपड्याला इस्त्री किंवा गरम ड्रायर दाखवू नका, उष्णतेनं डाग पक्का बसतो. टोमॅटोनं लाल झालेला प्लास्टिकचा डबा धुऊन कडक उन्हात ठेवा, रंग दोन-तीन दिवसांत फिका पडतो. तो लाल रंग तेलात विरघळून प्लास्टिकमध्ये शिरतो, म्हणून पाण्यानं जात नाही, पण उजेडात टिकतही नाही.

मायक्रोवेव्हमध्ये अन्न उडून वाळलं असेल तर वाडग्यात कपभर पाणी, लिंबाच्या दोन फोडी आणि एक लाकडी काडी ठेवून तीन-चार मिनिटं चालवा. दार पाच मिनिटं उघडू नका, वाफेनं सगळं मऊ होतं, मग पुसून घ्या. काडी विसरू नका. मायक्रोवेव्हमध्ये पाणी कधी कधी न उकळता १०० अंशांच्या वर तापतं आणि हलवताच उसळून अंगावर येतं. काडीमुळे बुडबुडे सुटायला जागा मिळते.

हट्टी वस्तू

नवी बरणी उघडत नाही, कारण आत हवेचा दाब कमी असतो आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. ७ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर, आत पूर्ण निर्वात असती तर, साधारण ४० किलोचा भार पडला असता. प्रत्यक्षात तो याहून कमी असतो, पण मनगटाशी झुंज का होते हे यावरून कळतं. चमच्याचं टोक झाकणाच्या कडेखाली घालून हलकंच उचला. ‘टक’ असा आवाज आला की हवा आत गेली, झाकण सहज फिरतं. आधी उघडलेली, साखरेनं चिकटलेली बरणी असेल तर झाकणावर अर्धा मिनिट गरम पाणी सोडा. चिकटा सैल होतो आणि धातू काचेपेक्षा जास्त प्रसरण पावतो.

एकात एक अडकलेले काचेचे पेले सोडवायचे तर आतल्यात थंड पाणी भरा आणि बाहेरचा कोमट पाण्यात बुडवा. पाणी कोमटच हवं, गरम घेतलं तर काच तडकेल.

नव्या डब्यावरचं लेबल निघून डिंक मागे राहिला तर पाणी लावत बसू नका. तेल चोळून पंधरा मिनिटं ठेवा, पुसा, मग साबणानं धुवा. बहुतेक लेबलांचा डिंक तेलात सैल होतो. लाकडातला स्क्रू नुसताच गोल फिरत असेल तर भोकात गोंद लावलेल्या दोन-तीन आगकाड्या, गूल काढून, घुसवा. सुकल्यावर उरलेला भाग मोडून टाका आणि स्क्रू पुन्हा बसवा. लगेच हवा असलेला ओला कपडा कोरड्या टॉवेलवर पसरून दोन्हींची घट्ट गुंडाळी करा आणि तिच्यावर उभं राहा. कपड्यातलं बरंच पाणी टॉवेलमध्ये जातं, उरलेलं पंख्याखाली लवकर वाळतं.

तेल पेटलं तर

कढईतलं तेल धुरायला लागलं की आच बंद करा, पेट घेण्याची वाट पाहू नका. पेटलंच तर पाणी अजिबात ओतायचं नाही. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं आणि क्षणात वाफ होतं. वाफेचं आकारमान पाण्याच्या सुमारे १७०० पट असतं, ती पेटतं तेल छतापर्यंत उडवते. आच बंद करता येत असेल तर करा, आणि धातूचं झाकण किंवा मोठं सपाट ताट बाजूनं सरकवत कढईवर बसवा. वरून टाकायला जाल तर हात ज्वाळेत येईल. हवा तुटली की आग विझते. कढई उचलून बाहेर न्यायला जाऊ नका. आग झाकणात मावत नसेल, तर सगळ्यांना घेऊन घराबाहेर पडा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

हे झाकण कपाटात मागे असून उपयोग नाही. तळणीचं तेल ओतण्याआधी ते शोधून, कढईवर ठेवून नीट बसतंय ना ते बघा आणि शेगडीशेजारी, ज्या हातानं उचलाल त्या बाजूला ठेवा. आग विझल्यासारखी वाटली तरी कढई पूर्ण निवेपर्यंत ते काढू नका. आत तेल तेवढंच तापलेलं असतं, आणि हवा मिळाली की पुन्हा पेटतं.